रिकाम्या खुर्चीची क्लिप होत नाही

अमेरिकी राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार बायडन आणि ट्रम्प यांचा अटलांटातला तो वाद आपल्या घड्याळात सकाळी साडेसहाला सुरू झाला. २८ जून २०२४, शुक्रवार. चहा, डबा, आंघोळ, ठरलेली लोकल या धबडग्यात सलग नव्वद मिनिटं बसून तो बघणारे मुंबईत किती असतील? पण दादर येईपर्यंत जो बायडन बहुतेकांच्या फोनवर पोहोचले होते. वाक्य सुरू करतात, आकड्यांत अडकतात, थांबतात आणि ‘शेवटी आपण मेडिकेअरला (तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याला) हरवलं’ असं भलतंच बोलून जातात. वीस-तीस सेकंदांचा तुकडा. कुणी हसलं, कुणी हळहळलं. तेवीस दिवसांनी, २१ जुलैला, बायडन यांनी उमेदवारी सोडली.

त्यावरून जो तो एकच धडा काढतो: टीव्हीवर एक रात्र बिघडली की पुढारी संपला. हा धडा अर्धाच खरा आहे. त्या रात्रीच्या प्रतिक्रियेला वजन आलं ते कार्यक्रमाच्या बांधणीमुळे. आपल्या मराठी वाहिन्यांवर एखादा नेता आपटला की जी हुर्यो उडते तिला तसं वजन नाही, कारण तिथला तराजूच वाकडा आहे. आणि या हुर्योचा सगळ्यात मोठा फायदा ज्याला होतो, तो त्या रात्री स्टुडिओत फिरकलेलाच नसतो.

आधी अटलांटाचे नियम बघू. स्टुडिओत प्रेक्षक नाहीत, त्यामुळे टाळ्या नाहीत, हुल्लड नाही. उत्तराला दोन मिनिटं, प्रत्युत्तराला एक. आपली पाळी नसेल तेव्हा माइक बंद. वेळ संपत आली की लाल दिवा लुकलुकतो, संपली की स्थिर होतो. लिहून आणलेला कागद चालत नाही. कोरी वही, पेन आणि पाण्याची बाटली एवढंच मिळतं. दोन जाहिरात-विश्रांती, पण त्यातही सल्लागारांनी जवळ यायचं नाही. अमेरिकेत पाच कोटींहून जास्त लोकांनी हे पाहिलं. माइक बंद, आवाज चोख, वेळ सारखी. त्यामुळे बायडन अडखळले त्याचं खापर निवेदकावर, गोंगाटावर किंवा तांत्रिक बिघाडावर फोडायला जागाच उरली नव्हती. ८१ वर्षांच्या माणसाला आणखी चार वर्षं हे काम झेपेल का, हा प्रश्न खरा होता आणि दिसलेली गोष्ट त्या प्रश्नाशी थेट जोडलेली होती. लोकांनी क्रौर्य दाखवलं असं म्हणणाऱ्यांशी म्हणूनच सहमत होता येत नाही.

तरीही त्या प्रतिक्रियेची एक बाजू लंगडी राहिली. सीएनएनच्याच तथ्यतपासणीत त्या रात्री ट्रम्प यांचे तीसहून जास्त दावे खोटे निघाले, बायडन यांचे किमान नऊ. पण ट्रम्प न अडखळता बोलले. खणखणीत आवाजातलं खोटं ऐकताना आपल्याला खोटं ऐकल्यासारखं वाटत नाही. निवेदकांनी जागच्या जागी चूक दाखवायची नाही असं ठरलेलं असल्यामुळे ते दावे तसेच हवेत राहिले.

आता आपल्याकडे येऊ. मराठी वाहिनीवरची संध्याकाळची तासाभराची चर्चा घ्या. नियमाने तासाला बारा मिनिटं जाहिराती, उरली अठ्ठेचाळीस. सुरुवातीचं पॅकेज, नेत्यांच्या बाईट, मध्येच घुसलेली ब्रेकिंग यात दहा मिनिटं सहज जातात. उरलेल्या अडतीसपैकी बारा तरी अँकर स्वतः बोलतो. प्रश्नाच्या आधी प्रस्तावना आणि उत्तराच्या मध्ये टिप्पणी. राहिली सव्वीस मिनिटं, पाहुणे सहा. प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटं आणि थोडे सेकंद, तेही सलग नाहीत. सहा-सात वेळा चाळीसेक सेकंद, आणि त्यातल्या निम्म्यांवर दुसऱ्या कुणाचा आवाज चढलेला. मराठीत सावकाश, कळेल असं बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. चाळीस सेकंदांत सत्तर-ऐंशी शब्द. त्यात पहिले वीस ‘मला माझा मुद्दा पूर्ण करू द्या’ यातच खर्ची पडतात. धोरण नावाची गोष्ट या मापात बसत नाही. टोमणा मात्र फिट्ट बसतो.

त्यात आवाजाची भानगड. बाहेरून जोडलेल्या पाहुण्याच्या कानात जो इयरपीस असतो त्यात त्याला स्टुडिओतलं सगळं ऐकू यायला हवं, फक्त स्वतःचा आवाज सोडून. हा वजा केलेला आवाज पीसीआरमधल्या, म्हणजे नियंत्रण कक्षातल्या, ऑडिओवाल्याला प्रत्येक पाहुण्यासाठी वेगळा काढावा लागतो. सहा विंडो, सहा वेगळे फीड. घाईत एक जरी चुकला तर पाहुण्याला स्वतःचंच बोलणं जरा उशिरा कानात ऐकू येतं. आपलाच आवाज सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा मागून आला की माणसाची जीभ जड होते, शब्द लांबतात, तो अक्षरं गाळतो किंवा तोतरं बोलतो. हे कुणालाही होतं. अक्कल किंवा तयारी यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. घरी बघणाऱ्याला तो दुसरा आवाज ऐकूच येत नाही. त्याला दिसतो बावचळलेला नेता.

उशीर हा दुसरा दगाबाज. भूस्थिर उपग्रह जमिनीपासून सुमारे छत्तीस हजार किलोमीटर वर. सिग्नल वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, प्रश्न गेला आणि उत्तर आलं म्हणजे अर्धा. मोबाइलची चार-सहा सिमकार्डं एकत्र बांधून चालणारी पाठीवरची लाइव्ह बॅग असेल तर एक-दोन सेकंद, गर्दीच्या ठिकाणी त्याहून जास्त. अँकर विचारतो, ‘हो की नाही, एका शब्दात सांगा.’ दोन सेकंद शांतता. तेवढ्यात अँकर म्हणतो, ‘बघा, यांच्याकडे उत्तर नाही.’ प्रत्यक्षात प्रश्न अजून पाहुण्याच्या कानापर्यंत पोहोचायचा असतो. शिवाय त्याला समोर कोण काय हातवारे करतंय ते दिसत नाही. त्याच्यापुढे फक्त कॅमेऱ्याची काच आणि रिंगलाइट. स्टुडिओत बसलेल्याला मॉनिटर दिसतो, अँकरचा डोळा दिसतो, कधी तोंड उघडायचं ते कळतं. म्हणून मुरलेले प्रवक्ते ट्रॅफिक सोसून लोअर परळला किंवा महालक्ष्मीला जातात, आणि नवखे बंगल्याच्या हिरवळीवरून बोलायला तयार होतात.

हे झाल्यावर ॲस्टन. पडद्याच्या खालच्या पट्टीवर ‘अमुक नेते निरुत्तर’ ही ओळ चर्चा चालू असतानाच डेस्कवरून पडते. बघणाऱ्याने अजून मत बनवलेलं नसतं, त्याच्या हातात ते छापील मिळतं. तिकडे पक्षाच्या वॉर रूममध्ये पोरं यूट्यूबच्या लाइव्हवर मागे जाऊन तुकडा कापतात. आडवं चित्र उभं करताना चौकट कापली जाते, समोरचा ओरडत होता ते चौकटीबाहेर जातं आणि उरतो एकटा घाबरलेला चेहरा. खाली ढोलकी किंवा कावळ्याचा आवाज. कार्यक्रम संपायच्या आत क्लिप फिरायला लागलेली असते. व्हॉट्सॲपने एप्रिल २०२० पासून ‘बऱ्याचदा फॉरवर्ड केलेला’ संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल अशी अट घातली, त्याने वेग थोडा कमी झाला. पण प्रत्येक पक्षाचे वॉर्डनिहाय ग्रुप आहेत. तिथे मूळ फाइल नव्याने चढवली जाते आणि गणती पुन्हा शून्यापासून सुरू होते.

वेग कमी केलेली चित्रफीत हा आणखी एक प्रकार. मे २०१९ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या अध्यक्ष नॅन्सी पेलोसी यांच्या भाषणाचा वेग सुमारे पाऊणपट करून त्या दारूच्या अमलाखाली बोलताहेत असं दाखवलं गेलं. यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वगैरे काही लागलं नव्हतं. संकलनाच्या कुठल्याही साध्या सॉफ्टवेअरमध्ये होणारं काम. ओळखायची खूण जिभेपेक्षा डोळ्यांत आणि हातांत सापडते. पापणी लवायला जास्त वेळ लागतो, हात पाण्यात हलल्यासारखे हलतात. शंका आली तर वाहिनीच्या यूट्यूबवर पूर्ण कार्यक्रम काढायचा, तेच वाक्य शोधायचं आणि दोन्हीकडे त्याला किती सेकंद लागतात ते मोजायचं. दोन मिनिटांचं काम आहे. तेवढ्यात मागचा-पुढचा प्रश्नही ऐकून होतो, आणि बऱ्याचदा क्लिपचा निम्मा जीव तिथेच जातो.

मग नेत्याची वाईट कामगिरी म्हणून कशाला धरायचं? अडखळणं, नाव विसरणं, ‘लाख’च्या जागी ‘कोटी’ म्हणून लगेच सुधारणं याची फार तर दिवसभर गंमत करावी. माहितीच नसणं हे गंभीर, पण कुठली माहिती ते बघून. तोंडावर खोटं सांगणं त्याहून गंभीर. आणि प्रश्नाला बगल देणं हे सगळ्यात जास्त होतं, सगळ्यात कमी पकडलं जातं. ‘हा प्रश्न तुम्ही आधीच्या सरकारला का विचारला नाहीत?’ हे वाक्य आलं की समजावं, उत्तर द्यायचं नाही असं ठरलेलं आहे.

या गोष्टी वेगळ्या का करायच्या, त्याला रिपब्लिकन उमेदवारीसाठी उभे असलेले रिक पेरी हे चांगलं उदाहरण. ९ नोव्हेंबर २०११ च्या वादात त्यांनी सांगितलं की राष्ट्राध्यक्ष झालो तर तीन खाती बंद करेन. दोन नावं घेतली, तिसरं काही केल्या आठवेना. पाऊण मिनिटाहून जास्त चाचपडले आणि शेवटी ‘ऊप्स’ म्हणाले. जग हसलं ते विसरण्यावर. तिसरं खातं होतं ऊर्जा. पुढे ट्रम्प यांनी त्यांना त्याच खात्याचं मंत्री नेमलं, आणि जानेवारी २०१७ मध्ये सिनेटसमोर पेरींनी कबूल केलं की खात्याचं काम नीट समजून घेतल्यावर ते बंद करण्याच्या शिफारशीचा पश्चात्ताप होतो. म्हणजे २०११ मध्ये विचारायला हवं होतं ते हे, की जे बंद करायचं म्हणता ते करतं काय? नाव घडाघडा आठवलं असतं तर हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही आला नसता.

मुंबईला हे नवं नाही. १९६७ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी इथे टीव्ही नव्हता. दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तरी दक्षिण मुंबईत काँग्रेसच्या स. का. पाटलांना त्यांचं बोलणंच भोवलं. आपल्याला देवही हरवू शकत नाही असं ते पत्रकारांसमोर बोलून गेल्याचं सांगतात, आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी ‘तुम्ही पाटलांना हरवू शकता’ अशी भित्तिपत्रकं लावून तेच वाक्य त्यांच्यावर उलटवलं. पाटील हरले. ते वाक्य जिभेची चूक नव्हती, स्वभाव होता, म्हणून ते डकवणंही रास्तच होतं.

२००८ चं प्रकरण गुंतागुंतीचं. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर आर. आर. पाटील यांनी, एवढ्या मोठ्या शहरात असं एखादं काही घडतं, अशा अर्थाचं वाक्य हिंदीत उच्चारलं. १ डिसेंबरला गृहमंत्रिपद गेलं. वर्षभरात, निवडणुकीनंतर, ते पुन्हा गृहमंत्री झाले. ते वाक्य असंवेदनशील होतंच. पण तासगावच्या मराठीत विचार करणाऱ्या माणसाने कॅमेऱ्यांच्या गराड्यात हिंदीत दिलेलं उत्तर होतं ते, आणि आपले अनेक नेते याच फटीत सापडतात. मराठीत जो ठसक्याने बोलतो तो हिंदी बाईट देताना शब्द शोधतो आणि सिनेमातून ऐकलेलं वाक्य तोंडात येतं. खरे प्रश्न वेगळे होते: आलेल्या सूचना कुठे अडल्या, सागरी गस्त कशी होती, पोलिसांच्या हातात काय होतं. राम प्रधान समितीने त्यावर काम केलं. तो अहवाल किती घरांत चर्चिला गेला, आणि ते वाक्य किती?

‘लोक खुळे नाहीत, चेहऱ्यावरून माणूस कळतो’ असा यावर आक्षेप येतो, आणि त्यात तथ्य आहे. पण यासाठी १९६० च्या केनेडी-निक्सन वादाचा जो दाखला हटकून दिला जातो तो ठिसूळ आहे. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकल्यासारखे वाटले आणि टीव्हीवाल्यांना केनेडी, ही गोष्ट एका संस्थेच्या पाहणीवर उभी आहे आणि तिच्यातले रेडिओ श्रोते मोजकेच होते. गुडघ्याच्या संसर्गाने रुग्णालयातून नुकतेच बाहेर आलेले निक्सन फिकट दिसत होते हे खरं. त्याने निवडणूक फिरली याचा पुरावा नाही. उलट १९७६ चं उदाहरण जास्त बोलकं. ‘पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही’ हे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांचं वादातलं वाक्य ऐकून त्या रात्री प्रेक्षकांचं त्यांच्याबद्दलचं मत फारसं बिघडलं नव्हतं. पुढच्या दिवसभर बातम्यांतून ती चूक उगाळली गेल्यावर प्रेक्षक फोर्ड हरल्याचं सांगू लागले. म्हणजे आपण जिला जनतेची प्रतिक्रिया म्हणतो तिच्यात बघितलेलं किती आणि नंतर ऐकलेलं किती, याचा हिशोब लावावा लागतो. रेगन १९८४ च्या आणि ओबामा २०१२ च्या पहिल्या वादात साफ फिके पडले. दोघांनाही पुढचा वाद मिळाला, दोघेही निवडून आले.

पुढचा वाद मिळतो, यातच सगळं आहे. आपल्याकडे पहिलाच होत नाही. जानेवारी २०१४ मध्ये राहुल गांधींनी एका इंग्रजी वाहिनीला दीर्घ मुलाखत दिली. प्रश्न काहीही असो, उत्तरात महिला सक्षमीकरण आणि माहिती अधिकार यायचे. त्या थट्टेची किंमत त्यांनी अनेक वर्षं मोजली. २००७ मध्ये नरेंद्र मोदी करण थापर यांच्या मुलाखतीतून तीनेक मिनिटांत पाणी मागून, माइक काढून उठले. तो तुकडाही वर्षानुवर्षं फिरला. मे २०१९ मध्ये पंतप्रधान म्हणून ते पत्रकार परिषदेला बसले, पण प्रश्नांना उत्तरं अमित शहांनी दिली. मे २०२४ मध्ये न्यायमूर्ती मदन लोकूर, न्यायमूर्ती अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी दोन्ही नेत्यांना जाहीर वादासाठी पत्र लिहिलं. राहुल गांधींनी होकार दिला, भाजपने आपल्या युवा मोर्चाच्या एका पदाधिकाऱ्याचं नाव पुढे केलं, आणि वाद झाला नाही. न होण्याची क्लिप कुणाकडे आहे? पक्षांच्या डोक्यातला हिशोब सरळ आहे: गेलात तर चाळीस सेकंदांत आयुष्यभराचं हसं, नाही गेलात तर दोन दिवस अग्रलेख. म्हणून ज्याच्या सहीने काम होतं तो घरी बसतो आणि ज्याच्या हातात काहीच नाही पण तोंड चालतं, तो प्रवक्ता रोज तीन वाहिन्यांवर भांडतो. त्याला हरवून तरी काय मिळणार?

मुंबई महापालिका घ्या. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटींचा. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये मतदान होईपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती. या शहरासाठी विचारायचे प्रश्न ‘मराठी माणूस कुणाचा’ या छापाचे नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर नाल्यांची क्षमता तासाला २५ वरून ५० मिलिमीटर करायची आणि आठ पंपिंग स्टेशनं उभारायची असं ठरलं. सहा झाली, मोगरा आणि माहुल वर्षानुवर्षं रखडली. अडलं कुठे, जागेत, कोर्टात की पैशात? भरतीच्या वेळी तासाला ७० मिलिमीटर पडला तर हिंदमाताला काय होईल? यावर जो अडखळेल त्याची क्लिप खुशाल फिरवावी.

असा कार्यक्रम बांधणं अवघड नाही. पक्षांचे तीन प्रमुख चेहरे, आठ प्रश्न. प्रश्नाला अर्धा मिनिट, प्रत्येकाला उत्तरासाठी दीड आणि प्रत्युत्तरासाठी अर्धा. एका प्रश्नाला साडेसहा मिनिटं, आठांना बावन्न. शेवटी प्रत्येकी एक मिनिट, झाली पंचावन्न. उरलेली पाच उपप्रश्नांना. जाहिरात नाही. सगळे एकाच स्टुडिओत, बाहेरची विंडो नाही, म्हणजे उशीर आणि उलटा आवाज दोन्ही मिटले. विषय आठवडाभर आधी जाहीर, प्रश्न गुप्त. पाळी संपली की माइक बंद, घड्याळ पडद्यावर. ॲस्टनवर फक्त नाव आणि प्रश्न, मत नाही. संपल्यावर तासाभरात पूर्ण चित्रफीत, न कापलेली, कुणालाही उतरवून घेता येईल अशी, आणि दुसऱ्या दिवशी दाव्यांची तपासणी. लोकसभा-विधानसभेला दूरदर्शन-आकाशवाणीवर अशा जास्तीत जास्त दोन चर्चा घेण्याची तरतूद निवडणूक आयोगाच्या योजनेत आहेच. पालिका निवडणूक राज्य निवडणूक आयोगाकडे, म्हणून ती योजना तिथे आपोआप लागू होत नाही. दूरदर्शनचा वरळीचा स्टुडिओ मिळाला नाही तर आझाद मैदानाजवळचं पत्रकार संघाचं सभागृह, तीन कॅमेरे आणि एक बरा ऑडिओवाला पुरतो.

आणि जो येणार नाही त्याची खुर्ची उचलायची नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरने हवामानावरच्या वादाला न आलेल्या बोरिस जॉन्सन यांच्या जागी वितळणारं बर्फाचं शिल्प ठेवलं. त्यांच्या पक्षाने ऑफकॉम या नियामकाकडे तक्रार केली, ती फेटाळली गेली. आपल्याला बर्फाची गरज नाही. नावाची पाटी, रिकामी खुर्ची आणि त्याच्या वाट्याचे नव्वद सेकंद घड्याळावर चालू ठेवायचे, पडद्यावर प्रश्न तसाच ठेवून. निर्माता म्हणेल, लोक चॅनल बदलतील. थोडे बदलतीलही. सप्टेंबर १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या वादात आवाजाची यंत्रणा बंद पडली तेव्हा फोर्ड आणि त्यांचे प्रतिस्पर्धी कार्टर सत्तावीस मिनिटं आपापल्या जागी पुतळ्यासारखे उभे राहिले आणि ते दृश्य अजून सांगितलं जातं. इथे तर दीडच मिनिट आहे. पहिल्या प्रश्नाला ते पक्ष सोसेल, दुसऱ्यालाही. चौथ्या प्रश्नाच्या सुमाराला वॉर रूममधून विचारणा येईल, साहेब निघालेत, गेटवर गाडीची सोय आहे ना?